घट्ट झाकणांचं प्रकरण

डॉक्टरीणबाईंनी हाडांच्या तपासणीचा कागद एकदा चष्म्यातून आणि एकदा चष्म्यावरून पाहिला. दोन्हीकडून तो सारखाच वाईट दिसला असावा, कारण त्यांनी तो खाली ठेवला.

"हाडं विरळ होताहेत. चालायला जाता?"

"रोज," काकू म्हणाल्या.

"जा, पण तेवढ्याने भागणार नाही. वजन उचलायला लागेल."

काकू जरा दुखावल्या. पडद्यांच्या दुकानात कापड बेतायचं काम त्या करायच्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोठाल्या ताक्यांच्या गराड्यात असलेल्या बाईला वजनाचं कौतुक कुणी सांगावं?

"अहो, आमच्याकडे एकेक ताका एवढा जड असतो..."

"तो तुम्ही उचलता?"

"हमाल उचलतो. मी कापते."

"मग हमालाची हाडं छान असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी एका व्यायामशाळेचा पत्ता सांगितला. "तिथली कोच बाईच आहे. माझ्या आईला पाठवते मी तिच्याकडे."

काकूंनी रात्रीच्या जेवणाला ही बातमी घरी सांगितली, आणि तिथेच चूक झाली.

घरी काका होते. काका मालधक्क्यावर क्रेन चालवून निवृत्त झाले होते. उभ्या जन्मात त्यांनी डोंगराएवढी वजनं उचलली होती, बसल्या जागी, दोन बोटांनी दांडा पुढेमागे करून. त्यामुळे वजन या विषयावर आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. शिवाय त्या दिवशी वन्संही जेवायला होत्या. वन्सं म्हणजे काकांच्या थोरल्या बहीण. त्या खालच्याच मजल्यावर राहायच्या, आणि वर येताना नेहमी एखादं मत घेऊन यायच्या.

"वजन? तू?" काकांचा चमचा हवेतच थांबला. "अगं, तो पोरखेळ नाही. तोल सांभाळावा लागतो, साखळी बघावी लागते, वाऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो."

"व्यायामशाळेत कुठला आलाय वारा?"

"तेच! तुला इथूनच सुरुवात करावी लागेल," काका म्हणाले, आणि मिठाची बाटली चमच्याच्या टोकावर ठेवून त्यांनी तोल म्हणजे काय ते दाखवलं. मीठ सांडलं.

"आणि या वयात दंड फुगवून करायचंय काय?" वन्संनी विचारलं. "कुणाशी कुस्ती खेळणार आहेस?"

काकूंनी वन्संकडे पाहिलं. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी सुपाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सहज म्हणाल्या, "दुकानात मोठी ऑर्डर आलीय. हॉटेलचे पडदे आहेत. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी थांबावं लागेल."

"कुठलं हॉटेल?" काकांनी विचारलं.

"नवीन आहे," काकू म्हणाल्या. ते इतकं नवीन होतं, की त्याच क्षणी उभं राहिलं होतं.

व्यायामशाळा टायरच्या दुकानामागे, एका जुन्या गोदामात होती. आत शिरलं की रबराचा वास यायचा आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. कोच तिशीतली, आखूड केसांची आणि शब्द मोजून वापरणारी होती. तिथे दातांची एक डॉक्टर यायची, शहर बस चालवणारी एक दणकट बाई यायची. दोनचार पुरुषही होते, पण ते सगळा वेळ आरशासमोर असल्यामुळे त्यांचा कुणाला उपद्रव नव्हता.

"हा बार. जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं, मग परत खाली ठेवायचा," कोचने सांगितलं. "याला डेडलिफ्ट म्हणतात."

"डेड कशाला म्हणायचं?" काकू म्हणाल्या. "माझ्या वयात ऐकायला बरं वाटत नाही."

कोच हसली. ती हसते हे त्या दिवशी बसवालीला पहिल्यांदाच कळलं.

काकूंनी वाकून बार धरला, जोर लावला, आणि बार होता तिथेच राहिला. त्याला एकही चकती लावलेली नव्हती. नुसती दांडी!

"हातांनी ओढू नका. पाठ सपाट ठेवा आणि पायांनी जमीन खाली ढकला."

काकूंना वाटलं, ही पोरगी काहीतरीच बोलतेय. जमीन कुठे खाली जाते का? तरी त्यांनी सांगितलं तसं केलं. आणि जमीन खाली गेली. निदान काकूंना तसंच वाटलं, कारण बार त्यांच्या हातात होता आणि त्या ताठ उभ्या होत्या. इतक्या ताठ त्या बहुधा लग्नाच्या फोटोतच उभ्या होत्या, आणि तेव्हाही फोटोवाला ओरडला होता म्हणून.

त्या रात्री जिना चढताना त्यांच्या मांड्या भरून आल्या होत्या. काकांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हॉटेलला मजले फार आहेत हो. मापं घ्यायला वरखाली करावं लागतं."

मग काय, हॉटेल वाढायलाच लागलं. कोचने बारला नवी चकती लावली, की काकू हॉटेलला एखादा मजला चढवायच्या. काकाही चौकस. ते विचारायचे, लिफ्ट कुठल्या कंपनीची आहे, गच्चीवर काय आहे. काकूंनी गच्चीवर पोहण्याचा तलाव बांधला. "तिथे पडदे कशाला?" काकांनी विचारलं. "बायका पोहतात," काकू म्हणाल्या, आणि काकांनी घाईघाईने पुन्हा लिफ्टचा विषय काढला.

दुकानात एकदा हमाल आला नाही आणि गिऱ्हाईक समोर खोळंबलेलं. मखमलीचा ताका अगदी वरच्या फळीवर होता. मालक फोनवर हमालाच्या नावाने ओरडत होते. काकू स्टुलावर चढल्या, ताका खांद्यावर घेतला, खाली उतरल्या आणि टेबलावर पसरून म्हणाल्या, "किती मीटर देऊ?" मालकांच्या कानाला फोन तसाच होता. पलीकडचा हमाल हॅलो हॅलो करत होता.

झाकणांचं प्रकरण मात्र अगदी नकळत सुरू झालं.

एका सकाळी काकूंनी कॉफीची बरणी नेहमीसारखी बंद केली. निदान त्यांच्या मते नेहमीसारखीच. दुपारी काकांना ती उघडेना. त्यांनी फडकं घेतलं, गरम पाण्याची धार धरली, ओट्यावर टकटक केलं, बरणी मांड्यांत धरून दात ओठ खाल्ले. तोंड लाल झालं, झाकण जागचं हललं नाही. संध्याकाळी काकू आल्यावर ते म्हणाले, "झाकण जाम झालंय. फेकून दे."

काकूंनी बरणी हातात घेतली आणि फिरवली. टक्.

काकांनी झाकण हातात घेऊन उलटसुलट तपासलं.

"तुम्हीच सैल करून ठेवलं होतंत," काकू प्रेमाने म्हणाल्या.

हे वाक्य काका वर्षानुवर्षं वापरत आले होते. काकूंनी बाटलीशी झटापट करावी, काकांनी ती घ्यावी, टक् करून उघडावी आणि वर "तूच सैल करून ठेवलं होतंस" म्हणून मोठ्याने हसावं, असा त्या घरचा रिवाज होता. आज मात्र काकांना हसू आलं नाही, आणि काकूंना ते आवरेना. त्या आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसल्या.

तेव्हापासून काकूंच्या अंगात भूत शिरलं. कामावर निघण्याआधी त्या स्वयंपाकघरातून एक फेरी मारायच्या. जॅम, मध, साखर, थर्मास, गरम पाण्याची पिशवी. प्रत्येकाला एक शेवटचा पीळ. एकदा वन्संकडे चहाला गेल्या असताना, वन्सं दार उघडायला उठल्या तेवढ्यात त्यांनी बिस्किटांच्या बरणीचाही हिशेब चुकता केला. कुस्तीचं उत्तर त्यांनी असं दिलं.

काकांनी आधी हवेला दोष दिला. मग ते म्हणाले, हल्ली पत्रा हलका वापरतात. मग त्यांनी सगळ्या झाकणांना तेल लावलं, त्यामुळे ती हातातून निसटायला लागली. शेवटी त्यांनी जुना पट्टा आणि लाटण्याएवढा दांडा घेऊन एक यंत्र बनवलं. यंत्राने बरणी फुटली. झाकण मात्र काचेच्या कड्यासकट घट्ट बसलेलं होतं. काकांनी ते तसंच कपाटावर ठेवून दिलं.

वन्सं बिस्किटांची बरणी घेऊन वर आल्या. "अरे, ही जरा उघडून दे रे."

"ताई, तिथे ठेव. माझे हात ओले आहेत," काका म्हणाले. त्यांचे हात कोरडे ठणठणीत होते.

काकूंची मजा इथपर्यंत टिकली. मग एका रविवारी त्या कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेल्या, तर काका पाठमोरे बसलेले. हातात रबरी चेंडू. ते तो दाबायचे, मग मूठ उघडून तळव्याकडे बघायचे. काकूंची चाहूल लागताच त्यांनी चेंडू शर्टात लपवला.

त्याच संध्याकाळी जिन्यात वन्संनी काकूंना गाठलं. "तुला काही सांगितलं का त्याने? माझ्याजवळ रडवेला झाला होता गं. म्हणतो, ताई, हातातला जोर गेला माझ्या. आता हळूहळू सगळंच जाणार."

काकू तडक वर गेल्या आणि एकूण एक झाकण सैल करून ठेवलं.

त्यातून आणखीच घोटाळा झाला. सकाळी काकांनी मधाची बरणी सवयीने झाकणाला धरून उचलली. झाकण हातात आलं, बरणी खाली. मध ओट्यावरून ओघळत काकांच्या चपलेपर्यंत पोचला.

"बघ," काका हळू आवाजात म्हणाले. "आता तर वस्तूही धरता येत नाही."

काकू गुडघ्यांवर बसून मध पुसत राहिल्या. आता सांगावं, आत्ता सांगावं, असं शंभरदा मनात आलं. पण सांगायचं कुठून? झाकणांपासून सुरुवात केली असती, तर व्यायामशाळा आली असती, व्यायामशाळेमागून हॉटेल आलं असतं, आणि तलावासकट एवढं मोठं हॉटेल एका सकाळी कसं पाडणार? शनिवारचा दिवस जाऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. शनिवारी व्यायामशाळेत परीक्षा होती. ज्याने त्याने आपापलं सगळ्यात जास्त वजन उचलून बघायचं होतं.

काका मात्र शनिवारपर्यंत थांबले नाहीत. गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्त तपासून घेतलं, हातोडीने गुडघे ठोकून घेतले. डॉक्टरीणबाईंना त्या घरातल्या झाकणांचं काही माहीत नव्हतं, पण काकूंचं रहस्य आईकडून चांगलंच ठाऊक होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. बसून बसून स्नायू सुस्तावलेत, एवढंच. वजन उचला." आणि पत्ता दिला. म्हणाल्या, "शनिवारी सकाळी जा, तेव्हा कोच निवांत असते." ती मुळीच निवांत नसते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांची आईही परीक्षेला बसणार होती.

शनिवारी सकाळी काकू म्हणाल्या, "हॉटेलचं उद्घाटन जवळ आलंय, आज जावं लागेल."

"जा की," काका म्हणाले. "मीही जरा धक्क्यावरच्या जुन्या मित्रांना भेटून येतो."

काकूंची पाळी आली. बारच्या दोन्ही टोकांना चकत्या अशा लागल्या होत्या, की बसवालीने शिट्टी वाजवली. साठ किलो. काकूंचं स्वतःचं वजन त्याहून कमी होतं. त्यांनी हातांना पांढरी पूड चोळली, वाकल्या, बार धरला, पाठ सपाट केली आणि जमीन खाली ढकलली. बार उठला. नडगीवरून सरकत गुडघ्यापर्यंत आला, आणि तेवढ्यात समोरच्या दारात काका उभे राहिले. नवी कोरी हाफ पँट, नवे पांढरे बूट, खांद्यावर घरचा हिरवा टॉवेल.

बार गुडघ्यापाशी थांबला. काकूंना बोलता येईना, टाकता येईना, उचलता येईना. सगळी व्यायामशाळा श्वास रोखून होती.

काकांनी हॉटेल, पडदे, मित्र कशाचाही विचार केला नाही. समोर वजन अडकलेलं दिसताच त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि तर्जनी हवेत गोल गोल फिरायला लागली. धक्क्यावर खालचा माणूस त्यांना अशीच खूण करायचा. वर घे. वर. थांबू नकोस.

काकूंना ती खूण कुणी शिकवली नव्हती, तरी कळली. त्यांनी दात आवळले. बार मांड्यांवरून घसटत वर आला. गुडघे ताठ, कंबर ताठ, खांदे मागे. काकांनी मूठ मिटली. थांब. मग तळवा उपडा करून सावकाश खाली आणला. काकूंनी बार तितक्याच सावकाश जमिनीवर टेकवला. जराही आवाज झाला नाही.

टाळ्यांनी गोदाम दणाणलं. काका जवळ आले.

"हे हॉटेल?"

"हो."

"तलाव कुठाय?"

"अहो, ऐका ना," काकू म्हणाल्या, आणि तिथेच, घामाने निथळत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. झाकणांसकट.

काकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "मी रक्त काढून आलो! त्या बाईने माझे गुडघे ठोकले! इकडे मी मृत्युपत्राचा विचार करतोय, आणि तू? जॅमच्या बरणीला पीळ देत होतीस?"

"चुकलं माझं."

"रोज?"

"शनिवार-रविवार सोडून."

काका पाठ फिरवून टॉवेलशी चाळा करत राहिले. ते रडताहेत असं वाटून काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ गदगदत होती. काका हसत होते. त्यांना काय झालं होतं ते त्यांनाच धड सांगता येईना. "म्हणजे मला काही झालेलं नाही," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग थोडं सावरून त्यांनी विचारलं, "माझा बार कुठला?"

कोचने त्यांच्या हातात झाडूच्या दांड्यासारखी एक लाकडी काठी ठेवली.

"ही?"

"आधी वाकायला शिका," कोच म्हणाली. "शिकवायला काकू आहेत."

घरी मात्र काकांनी सूड घेतला. दोन दिवस ते प्रत्येक बंद वस्तू मुकाट्याने काकूंसमोर आणून ठेवायचे. बरण्या, औषधाच्या बाटल्या, एकदा तर आधीच उघडी असलेली छत्री. काकूंनी एकाही शब्दाने तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी काकांचंच अंग इतकं दुखत होतं, की त्यांना खुर्चीतून उठवायला काकूच लागल्या, आणि तिथे सूड संपला.

आता उरल्या वन्सं. दोघंही संध्याकाळी टॉवेल घेऊन कुठे जातात, हे त्यांनी तिसऱ्याच फेरीला ओळखलं आणि एक दिवस पाठोपाठ व्यायामशाळेत येऊन थडकल्या. पर्स काखेत, भुवया कपाळात. त्यांनी काठी घेऊन वाकलेल्या भावाला पाहिलं, बारशी उभं राहून "जमीन खाली ढकला हो" असं त्याला सांगणाऱ्या भावजयीला पाहिलं.

"शोभतं का तुम्हाला हे?" त्या म्हणाल्या.

कोचने एक बुटका लाकडी ठोकळा पुढे सरकवला. "उभ्या का आजी? बसा ना."

"आजी कुणाला म्हणतेस गं?" असं म्हणत वन्सं बसल्या.

ठोकळा फारच बुटका होता. बसल्यावर त्यांनी बरंच ऐकवलं. या वयाबद्दल, लोकांबद्दल, पांढऱ्या बुटांबद्दल. सगळं बोलून झालं आणि त्या उठायला गेल्या, तर उठता येईना. पर्स बाजूला ठेवली, तरी येईना. काका पुढे झाले, तसा त्यांनी त्यांचा हात झटकला. काकूंचाही झटकला.

"मला कुणी हात लावायचा नाही," वन्सं म्हणाल्या. मग काकूंकडे न बघता, जरा खालच्या आवाजात, त्यांनी विचारलं, "ते जमिनीला काहीतरी करायला सांगत होतीस त्याला, ते काय असतं?"

"पायांनी खाली ढकलायची वन्सं. टाचांनी."

वन्संनी ओठ मिटले, हात पुढे धरले आणि जमीन चांगलीच ढकलली. उभ्या राहिल्यावर त्यांनी पदर सारखा केला, पर्स उचलून कोचच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही नीट धर. पुन्हा एकदा करून बघते."